चिकाची तार

त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं यांवर एकही रेघ उरली नव्हती. ओढ्याच्या तळाशी वर्षानुवर्षं लोळलेल्या गोट्यासारखी ती झाली होती. गुळगुळीत, गुलाबीसर, उजेडात धरली की चमकणारी. ही बोटं तो कधी लपवायचा नाही. पायरीवर बसला की गुडघ्यावर उताणी टाकायचा आणि समोरच्याची नजर तिकडे जाईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहायचा. नजर गेली की म्हणायचा, "बघ, बघ. बघायला काही पडत नाही. पण असा हात घडायला अख्खं आयुष्य घालावं लागतं."

कारखान्यात तोंडावर त्याला उस्ताद म्हणत. पाठ वळली की चिमटी.

कारखाना लाकडाच्या लगद्याचा. ढलप्या आधी मोठ्या हंड्यांत शिजतात, मग धुतल्या जातात, पांढऱ्या होतात, आणि ओल्या कापसासारखा लगदा होऊन उस्तादच्या टाकीत येतात. लगदा पांढरा दिसला म्हणजे निर्मळ झाला असं नाही. लाकडात धाग्याला धागा धरून ठेवणारा एक चिकट, बुळबुळीत ऐवज त्याच्या अंगात दडून बसलेला असतो. प्रयोगशाळेतले लोक त्याला हेमिसेल्युलोज म्हणतात. बाकी सगळा कारखाना चीक म्हणतो. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ज्याने ठेवलं त्याला भाषा कळत होती. झाडाला घाव बसला की जखमेतून येतो तोही चीक, आणि नुकत्या व्यालेल्या गाईच्या आचळातून पहिल्यांदा येतो तोही चीक. 

हा चीक लगद्यात राहू दिला तर पुढे त्याचा रेशमासारखा धागा काढता येत नाही, तटातटा तुटतो. म्हणून लगदा थंड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घालतात. सोडा आत शिरतो आणि चीक ओढून घेतो. मग तळाचा व्हॉल्व्ह उघडायचा; चिकाचं पाणी जाळीतून खाली निथळतं, लगदा वर राहतो. फार पूर्वी ते पाणी ओढ्याला सोडून देत, आणि ओढा फेस अंगावर घेऊन वाहायचा. पुढे कुणाला तरी शहाणपण सुचलं. आता त्या पाण्यात आम्ल घालून सोडा मारतात, वरून स्पिरिट ओततात, आणि नासलेल्या दुधासारखा पांढरा साका खाली बसतो. तो कापडावर गाळायचा, वाळवायचा, दळायचा. हाताला पिठासारखी लागणारी भुकटी होते. कागदात घातली की कागद फाटत नाही. मलमात घातली की मलम दाट होतं. खाऊ बांधायच्या कागदावर तिचा पापुद्रा चढवला की तेल बाहेर झिरपत नाही. थोडी भुकटी पुन्हा आम्लात उकळून तिची साखरसुद्धा करतात. पिढ्यान् पिढ्या ज्या लाकडाचा आपण धूर केला त्याच्या पोटात साखर होती.

या सगळ्याची नाडी एकच, व्हॉल्व्ह कधी उघडायचा. लवकर उघडला तर चीक लगद्यातच राहणार. फार उशीर केला तर सोडा चीक सोडून धाग्यालाच खायला लागणार.

ती वेळ ठरवायचं काम उस्तादचं होतं. निदान उस्तादला तसं वाटायचं.

तो टाकीची लोखंडी शिडी चढायचा तेव्हा घाई म्हणून नसायची. कारखान्याने दिलेले रबरी हातमोजे खिशातून अर्धे बाहेर लोंबत असायचे. दिलेत, आणि आपण घातले नाहीत, या दोन्ही गोष्टी दिसाव्यात म्हणून. वरच्या ओट्यावर जाऊन तो बाही दुमडायचा, वाकायचा, आणि उघडी बोटं लगद्याच्या पाण्यात घालायचा. बाहेर काढून चिमटीत चोळायचा. चोळता चोळता डोळे मिटायचा. मग अंगठा आणि बोटं हळूहळू अलग करायचा. मध्ये एक ओली तार ताणली जायची, क्षणभर टिकायची, तुटायची. उस्ताद मान हलवायचा. बोटं सोडा मारणाऱ्या आंबट पाण्याच्या बादलीत बुडवायची, पुसायची, पुन्हा टाकीत. असं कितीदा तरी. शेवटी एकदा तार त्याच्या मनासारखी लांबायची, आणि तो अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा ओरडायचा:

"आली!"

खाली व्हॉल्व्हवाला चाक फिरवायचा.

आता खरं काय ते इथेच सांगून टाकतो. असली गोष्ट लपवून ठेवून शेवटी हातावर ठेवण्यात मला मजा वाटत नाही. चिकाची तार बोटांना कळत नाही. सोड्याच्या पाण्यात बोट घातलं की ते कुणाचंही बुळबुळीत होतं, टाकीत चीक असो वा नसो, कारण सोडा कातडीतल्या चरबीचा साबण करतो. उस्ताद डोळे मिटून चोळत होता, ताणत होता, जिची जात ओळखत होता, ती त्याची स्वतःची कातडी होती.

व्हॉल्व्ह उघडायचा तो दिव्यावर. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत नळीने नमुना जायचा, तिथली बाई तो तपासायची आणि खिडकीत हिरवा दिवा लावायची. उस्ताद ओट्यावर उभा राहिला की खिडकी त्याच्या पाठीशी. दिवा आहे हे त्याला माहीत होतं; तो पंपाचा, असं त्याला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं. दिव्याच्या आधी उस्ताद "आली!" म्हणून ओरडला, तर व्हॉल्व्हवाला चाकाला लोंबकळून कुंथायचा, "उस्ताद, चाक अडकलंय हो! जरा दम धरा!" आणि दिवा आधी लागला, तर लाडात यायचा, "उस्ताद, बघा की एकदा. मला इथूनच वास येतोय." उस्ताद बघायचा. तार यायचीच. ती कधीही आली असती.

आणि हे सगळं कशासाठी, तर चहासाठी. मुकादमाने रीत पाडली होती की उस्तादची चिमटी चालू असताना खाली कुणी ढकलगाडी हलवायची नाही, घण मारायचा नाही, टाकी ढवळते. त्यामुळे चिमटी चालू झाली की माणसं टाकीच्या सावलीत बसायची आणि किटली फिरायची. नवा साहेब आला की विचारायचा, हे काय? मुकादम म्हणायचा, "जुनी पद्धत आहे साहेब, तुमच्या आधीच्यांनीच घालून दिलेली." प्रत्येक साहेबाला ती आपल्या आधीच्याची वाटली.

याची सुरुवात थट्टेने झाली होती. उस्ताद नवा लागला तेव्हा टाकीवर एक मिशीवाला होता. नव्या माणसाला तो शिडीवर चढवायचा आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "बोटं घाल. तार आली की सांग." नवा माणूस बोटं घालायचा, थोड्या वेळाने आग व्हायची, तो बोंब मारून नळाकडे पळायचा, खाली सगळे पोट धरून हसायचे, आणि त्या दिवसापासून तो त्यांच्यातला व्हायचा. सगळ्यांचं असंच झालं होतं. मुकादमाचंही.

याचं झालं नाही. घरात बापाने, शाळेत मास्तरांनी आणि पहिल्या नोकरीत मालकाने त्याला एकमताने मठ्ठ ठरवलेलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी त्याला काहीतरी शिकवत होतं. बोटं भाजत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्याने हात काढला नाही. खाली माणसं हसायला तयार होऊन बसली होती. तो म्हणाला, "लागतंय… काहीतरी लागतंय हाताला. तार येतेय."

मिशीवाल्याचं हसू ओठावर येऊन थांबलं. त्या घटकेला तो एक वाक्य बोलला असता तर हे आयुष्य वेगळं झालं असतं. पण वेड्याला खेळवण्यात जी गोडी आहे ती सोडवत नाही. "वा रे गड्या," तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी? मला तर दोन हिवाळे लागले."

पुढे मिशीवाला दुसरीकडे निघून गेला. निघताना याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "टाकी आता तुझ्या हातात." आणि हसू आवरेना म्हणून पाठमोरा झाला. त्याचे खांदे हलत होते. उस्ताद मरेपर्यंत सांगत राहिला, की आमचा गुरू जाताना रडला.

बोटं जायला काही वर्षं लागली. आधी सालं निघाली, मग भेगा पडल्या, मग भेगाही बुजल्या. बायको रोज तेल चोळायची आणि रडायची. तो म्हणायचा, "रडतेस काय, हात बसतोय." हात बसला तेव्हा त्या बोटांना गार-ऊन, मऊ-खरखरीत काही कळेनासं झालं होतं. त्याचा त्याने असा अर्थ लावला की बोटं आता फक्त चिकासाठी राखलेली आहेत.

बायको तापाने पडली तेव्हा मुलगा मोठा झाला होता. त्याने आईच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, चटका बसतोय. डॉक्टरांना आणतो."

उस्तादने आपली ती तीन बोटं तिच्या कपाळावर टेकवली, डोळे मिटले.

"ताप नाही," तो म्हणाला. "उतरलाय."

"बाबा, पण भाजतंय…"

"तुझ्या बोटांना काय कळतंय? टाकीतली तार ओळखणाऱ्या हाताला ताप कळणार नाही होय?"

मुलाने हात मागे घेतला. डॉक्टर आला तो दुसऱ्या दिवशी, शेजारणीने आणला म्हणून, आणि त्याने फक्त तिचे डोळे मिटवले. उस्तादने सगळ्यांना सांगितलं की ताप नव्हताच. वेगळंच काहीतरी होतं. मुलाने ते मानलं. न मानून तो कुठे जाणार होता?

या मुलाचे हात बापासारखे नव्हते. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची घड्याळं दुरुस्त करायची काचेची टपरी होती. मोहरीच्या दाण्याएवढा स्क्रू तो बोटाच्या टोकावर चिकटवून आणायचा आणि जिथे बसवायचा तिथे सोडायचा, चिमटा नुसता नावाला. चाकाला बोट लावून सांगायचा, दात घासलाय. लोक घड्याळ टाकून जाताना निर्धास्त असायचे. बाप त्या धंद्याला टिकटिक म्हणायचा. "काय, झाली का टिकटिक?" एवढंच संध्याकाळी विचारायचा, आणि उत्तराची वाट न बघता आत जायचा. मुलगा उत्तर तयार ठेवून बसायचा. बापाने एकदा तरी वा म्हणावं, यापलीकडे त्या माणसाला जगात काही नको होतं. आणि हीच त्याची खोट होती.

उस्तादचं निवृत्त व्हायचं वर्ष आलं तसं त्याने जेवताना जाहीर केलं, "उद्यापासून माझ्याबरोबर यायचं. एवढी विद्या काय मी मातीत घेऊन जाऊ?"

मुलाच्या हातातला घास तसाच राहिला. "मला? मला जमेल, बाबा?"

"माझं रक्त आहेस. जमवून घेईन."

मुकादमाला विचारलं तर तो उठून उभाच राहिला. "घ्या की उस्ताद! गुणी पोरगा आहे. टाकी उस्तादाशिवाय कशी राहील?" टाकीचं तोंड साफ करायला माणूस लागणारच होता, साहेबाने सही केली. टपरीला कुलूप लागलं.

पहिल्या दिवशी मुलगा घरी आला तो हात ओल्या फडक्यात गुंडाळून. त्याची बायको, म्हणजे उस्तादची सून, त्याच कारखान्याच्या वाळवणखान्यात होती. चिकाची भुकटी चाळून पोत्यांत भरायचं काम. तिने फडकं सोडलं आणि दिवा जवळ ओढला.

"पहिल्यांदा होतं असं," तो म्हणाला. ओठ थरथरत होते, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "बाबा म्हणाले, हात लवकर बसेल माझा. म्हणाले!"

तिने दुसऱ्या दिवशी वाळवणखान्यात हे सांगितलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने पदर तोंडाला लावला. चाळणीवरची मावशी, जी तिथे सगळ्यांत जुनी, ती हसता हसता खोकायला लागली.

"अगं बाई, म्हणजे आता दोन दोन चिमट्या? आमच्या चहाची सोय झाली म्हणायची पुढच्या पिढीची!"

"काय हसताय मावशी? काय झालं?"

"तुला ठाऊकच नाही? उस्तादची सून म्हणून तुझ्यापुढे कुणी बोललंच नाही वाटतं!" मावशीने डोळे पुसले आणि मग सगळं सांगितलं. मिशीवाला, दिवा, चाक अडकलंय, किटली. सांगताना ती मध्ये मध्ये थांबून पुन्हा हसत होती. सून चाळणी हातात धरून उभी होती. भुकटी जमिनीवर सांडत होती.

ती तशीच मुकादमाकडे गेली.

"मामंजींना सांगा ना हो. त्यांचं झालं ते झालं. पण माझ्या नवऱ्याची बोटं अजून आहेत."

मुकादम बशीतला चहा फुंकत होता. "मी सांगू? आता? पोरी, त्या माणसाने अख्खा जन्म त्यावर काढला. तोंडातून घास काढून घ्यायचा का म्हाताऱ्याच्या?"

"आणि यांची बोटं?"

"हातमोजे आहेत की. आम्ही कुठे नको म्हणतो." मग तो जरा खाली वाकून म्हणाला, "आणि बघ, तुझ्यापण चहाची वेळ तीच आहे हं."

ती व्हॉल्व्हवाल्याकडे गेली. तो म्हणाला, मी लहान माणूस. प्रयोगशाळेतल्या बाईकडे गेली. बाईला ही गोष्ट नवीन होती. ती आधी चकित झाली, मग म्हणाली की मी लेखी कळवते, आणि हातमोजे घालणं सक्तीचं आहे अशी एक पाटी टाकीवर लागली. उस्तादने पाटीवर टोपी अडकवायला सुरुवात केली.

राहिला होता एकच माणूस, आणि तो घरातच होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा बाहेर गेलेला पाहून तिने दोन वाट्या आणून उस्तादसमोर ठेवल्या.

"मामंजी, वाळवणखान्यातल्या बायकांची पैज लागलीय. यातल्या कुठल्या वाटीत चीक जास्त, ते म्हणे फक्त तुम्ही सांगाल."

उस्ताद खुलला. बाही दुमडली. पहिल्या वाटीत बोटं घातली, चोळली, तार काढली. "आहे. चांगला आहे." दुसऱ्या वाटीत घातली. इथे त्याने जरा वेळ घेतला. डोळे मिटून मान डोलावली. "ही बघ, ही खरी. जुन्या झाडाचा चीक आहे हा. तार बघ कशी रेशमासारखी येतेय. सांग तुझ्या बायकांना."

"पहिल्या वाटीत नुसतं सोड्याचं पाणी आहे, मामंजी," सून म्हणाली. "लगद्याला न लागलेलं, कोरं."

तो हसला. "आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या वाटीत भांडी घासायचा साबण कालवलाय. मी आता मोरीतून आणला."

भिंतीवर मुलाने लावलेलं घड्याळ चालत होतं, तेवढा आवाज. सुनेने मग उरलेलंही सांगितलं, मान खाली घालून, भराभर. मिशीवाल्याचं, दिव्याचं, चहाचं. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. उस्ताद ऐकत होता. त्याने दुसऱ्या वाटीला नाक लावलं. साबणाला लिंबाचा वास होता. मग त्याने ती तीन बोटं धोतराला पुसली, एकेक करून, आणि नेहमीसारखी गुडघ्यावर उताणी न ठेवता मूठ मिटली.

"कुणाला सांगितलंस?"

"कारखान्यात सगळ्यांना माहीतच आहे."

"ते नाही विचारलं. त्याला सांगितलंस?"

"नाही. म्हटलं, तुम्हीच सांगाल. तुमचं ऐकतील ते."

"हं." तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "उद्या त्याला लवकर उठव."

सून बिचारी समजली की टपरीचं कुलूप उघडायला. त्या रात्री तिने अवजारांची पेटी पुसून, तेल देऊन ठेवली.

सकाळी बापलेक कारखान्याच्या रस्त्याने चालत गेले. वाटेत उस्ताद काय बोलला ते तिला संध्याकाळी कळलं, जेव्हा नवरा आत येऊन चपलासुद्धा न काढता तिच्यासमोर उभा राहिला.

"तू बाबांची परीक्षा घेतलीस?"

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"साबणाचं पाणी ठेवलंस त्यांच्यापुढे! माझ्या बापापुढे! त्यांनी दोन्ही वाट्या ओळखल्या, म्हणून राग आला तुला. म्हणून आता थट्टा होती, दिवा होता, असलं काहीबाही रचून सांगतेस."

"ओळखल्या? अहो, त्यांनी साबणाला जुन्या झाडाचा चीक म्हटलं!"

"हेच म्हणशील, असंही सांगितलं होतं त्यांनी."

"मग उद्या ओट्यावर उभे राहाल तेव्हा मागे वळून बघा. खिडकीत हिरवा दिवा लागतो. दिवा लागला की मगच चाक फिरतं. नुसतं एकदा वळून बघा."

"टाकीकडे पाठ करायची नाही," तो म्हणाला. "पहिला नियम आहे."

"कधीपासून?"

तो चपला काढायला वाकला. आज सकाळपासून, असं खरं उत्तर होतं.

उस्ताद मठ्ठ नव्हता, हे त्या दिवशी सिद्ध झालं, पण कशासाठी! एका रात्रीत त्याने हिशोब मांडला होता. एकटा माणूस फसला तर ती थट्टा. बाप आणि लेक दोघंही तेच करायला लागले की ती विद्या, घराण्याची. तो चुकला नव्हता, हे सांगणारी एकच गोष्ट आता जगात होऊ शकत होती, ती म्हणजे मुलाची गुळगुळीत बोटं. म्हणून त्या दिवसापासून त्याने मुलाचा हात स्वतः धरून टाकीत बुडवायला सुरुवात केली, आणि आधी धरायचा त्याहून जास्त वेळ. आंबट पाण्याची बादली ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. बापाच्या बोटांना जे व्हायला वर्षं लागली ते मुलाच्या बोटांना महिन्यांत होऊ लागलं. मुलाने दात आवळले की म्हणायचा, "वा." ज्या शब्दासाठी मुलगा जन्मभर उभा होता तो आता रोज मिळत होता, आणि तो बोटं देत होता.

एका सुट्टीला एक जुनं गिऱ्हाईक घरी आलं. बायकोचं लहानसं घड्याळ बंद पडलंय, टपरी बंद दिसली, जरा बघता का? त्याने पेटी उघडली. मागचं झाकण निघालं. स्क्रू बोटावर घेतला आणि तो बोटावर आहे की नाही हे त्याला कळेना. डोळ्यांनी बघावं लागलं. बघेपर्यंत पडला. तो गुडघ्यांवर बसून तळहाताने फरशी चाचपायला लागला, सूनही बसली, गिऱ्हाईकही लाजून बसलं. उस्ताद खाटेवरून बघत होता.

"टिकटिकीतून सुटलास," तो म्हणाला आणि हसला. "हात बसला."

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने हार आणला. मुकादमाने सोहळाच केला. आज शेवटची चिमटी उस्तादची नाही, धाकट्या उस्तादची, असं त्याने ओरडून सांगितलं, आणि सगळे टाकीखाली जमले. वाळवणखान्यातल्या बायका दारात आल्या. सून त्यांच्यात उभी होती. तिथून खिडकी आणि ओटा दोन्ही दिसत.

मुलगा शिडी चढला. बापाच्याच सावकाशीने. बोटं घातली, चोळली, डोळे मिटले. त्याच्या पाठीमागे खिडकीत हिरवा दिवा लागला. व्हॉल्व्हवाल्याने वर बघून चाकाला हात घातला, पाणी खळखळत निथळायला लागलं, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने, डोळे उघडून, गळ्याच्या शिरा ताणून मुलगा ओरडला, "आली!"

टाळ्या वाजल्या. मावशी सुनेला कोपराने ढोसून म्हणाली, "काय गं उस्तादीणबाई?" उस्तादच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तो हार गळ्यात घेऊन पाठमोरा झाला.

संध्याकाळी उस्ताद खुर्चीत बसला होता, मुलगा समोर. सून आतून एक वाटी घेऊन आली. साबणाचं पाणी, तोच लिंबाच्या वासाचा साबण. आज दोघांच्या देखत बोलायचं, बाप खोटं बोलेल तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं, असं ठरवून आली होती. वाटी नवऱ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "बघा हे."

त्याने हसत बोटं घातली. दिवसभराच्या टाळ्या अजून त्याच्या चेहऱ्यावर होत्या. डोळे मिटले. तार ताणली गेली, टिकली, तुटली.

"आली," तो हळूच म्हणाला. "घरीसुद्धा आली! बाबा, बघितलंत? कुठून आणलास गं चीक?"

उस्तादने सुनेकडे बघितलं. त्या माणसाच्या नजरेत तिने पहिल्यांदाच भीती पाहिली. मूठ खुर्चीच्या हातावर घट्ट मिटलेली होती. एक शब्द पुरला असता. तिने नवऱ्याच्या बोटांकडे पाहिलं. दिव्याखाली ती चमकत होती, एकही रेघ नव्हती. आता शब्द बोलून त्यांतली कुठली रेघ परत येणार होती? पेटीतलं तेल केव्हाच सुकलं होतं. उरली होती ती फक्त त्याच्या चेहऱ्यावरची ही खुशी, आणि ती काढून घेतली तर त्याच्याकडे बोटंही नसणार आणि खुशीही नाही.

"वाळवणखान्यातून," ती म्हणाली. "पहिल्या प्रतीचा आहे."

"सांगितलं नव्हतं मी?" उस्ताद म्हणाला. त्याची मूठ उघडली, आणि बोटं गुडघ्यावर उताणी पडली.

तिने वाटी मोरीत उलटी केली. नवऱ्याला लिंबाचा वास आला नाही. त्याचं सगळं लक्ष त्या तारेत होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा उस्ताद शिडी चढला. खाली मुकादमाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, ढकलगाड्या थांबल्या, माणसं टाकीच्या सावलीत टेकली. किटली फिरत फिरत वाळवणखान्याच्या दारापर्यंत आली. मावशीने एक कप सुनेपुढे धरला. तिने क्षणभर ओट्याकडे पाहिलं, मग कप घेतला आणि बायकांमध्ये बसली.

वर चिमटी चालू होती. व्हॉल्व्हवाला चाकाला टेकून, फुर्रकन एक घोट घेऊन ओरडला, "होऊ द्या उस्ताद, होऊ द्या सावकाश!"